छोट्या गेमसाठी ध्वनी: शोध, रेकॉर्डिंग आणि संपादन

एकट्याने किंवा दोघातिघांनी मिळून गेम तयार करताना चित्रांचे आणि कोडचे नियोजन बहुतेक जण करतात. ध्वनीचे काम मात्र शेवटच्या पंधरवड्यावर ढकलले जाते आणि मग हाताला लागेल ते घेऊन वेळ निभावून नेली जाते. ज्यांनी आजवर एकही ध्वनी संपादित केलेला नाही आणि ज्यांच्याकडे घरात ध्वनिमुद्रणासाठी वेगळी खोली नाही, म्हणजे मुंबईतल्या जवळजवळ प्रत्येक नवख्या गेमकर्त्यासाठी, हा लेख आहे.

चित्रपटातला दार वाजल्याचा आवाज प्रेक्षक एकदा ऐकतो. गेममधला तोच आवाज खेळाडू एका बैठकीत शंभर वेळा ऐकू शकतो, आणि तोही स्वतःच्या बोटाने कळ दाबल्याबरोबर. पुढची जवळजवळ प्रत्येक सूचना या फरकातून निघते. आवाज पुन्हापुन्हा कानावर पडणार आहे आणि हाताच्या हालचालीला त्याने तत्क्षणी उत्तर द्यायचे आहे, हे निवडताना, कापताना आणि गेममध्ये बसवताना धरून चालायचे.

समजायला सोपे जावे म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. गिरणगावातली तीनमजली चाळ आहे, बाहेर जुलैचा पाऊस कोसळतो आहे, वीज गेली आहे आणि एक मुलगी हातात कंदील घेऊन मजल्यामजल्यावरच्या शेजाऱ्यांना निरोप पोहोचवते आहे, असा द्विमितीय गेम आपण करत आहोत असे समजू.

आधी यादी

कोणताही संग्रह उघडण्यापूर्वी गेम, तो कितीही अर्धवट असला तरी, आवाजाविना दहा मिनिटे खेळावा आणि जिथे कान काहीतरी अपेक्षितो ती प्रत्येक जागा लिहून काढावी. स्प्रेडशीटमध्ये चार रकाने पुरतात: कोणती घटना, ती किती वेळा घडते, आवाज पडद्यावरच्या ठरावीक जागेवरून येतो की सर्वत्र ऐकू येतो, आणि तो आवाज खेळाडूला काही माहिती देतो की केवळ वातावरण तयार करतो. आपल्या चाळीच्या गेममध्ये लाकडी जिन्यावरची पावले, गॅलरीतल्या शहाबादी फरशीवरची पावले, दाराची कडी, दारावरची थाप, कंदिलाच्या तारेच्या मुठीची कुरकुर, गळक्या छपराखाली ठेवलेल्या बादलीत पडणारे थेंब, ताडपत्रीवरचा पाऊस, मेन्यूतली बटणे आणि निरोप पोहोचल्याची खूण अशी यादी निघेल.

यादी झाल्यावर ती वारंवारतेनुसार लावावी. सर्वांत वर पावले येतील, आणि श्रमही सर्वांत जास्त तिथेच घालावेत. नवखी माणसे नेमके उलटे करतात: शेवटच्या प्रसंगातल्या विजेच्या कडकडाटावर दोन दिवस खर्च करतात आणि पावलांसाठी पहिली सापडलेली फाइल लावून मोकळी होतात. कडकडाट एकदाच ऐकू येतो, तो थोडा उणा राहिला तरी चालतो. पाऊल कानाला खटकले, तर खेळाडू पहिल्या पाच मिनिटांतच आवाज बंद करतो.

यादीतल्या प्रत्येक ओळीसाठी तोंडाने काढलेला तात्पुरता आवाज फोनवर रेकॉर्ड करून गेममध्ये लावून पाहण्याची पद्धत मला फार उपयोगाची वाटते. ‘टक्’, ‘धप्’, ‘कर्र’ असे तोंडी आवाज बसवले की प्रत्येक आवाज किती लांब हवा, तो नेमका कधी सुरू व्हायला हवा आणि कुठे आवाजाची गरजच नाही, हे एका दुपारीत कळते. त्यानंतरचा शोध पुष्कळ नेमका होतो.

संग्रह आणि परवाने

मोफत ध्वनींचा सर्वांत मोठा आणि उपयुक्त साठा म्हणजे फ्रीसाउंड. बार्सिलोनाच्या पोम्पेऊ फाब्रा विद्यापीठातील संगीत तंत्रज्ञान गटाने तो २००५ मध्ये सुरू केला. नोंदणी मोफत आहे आणि ती केल्याशिवाय मूळ फाइल उतरवता येत नाही. शोधताना इंग्रजी शब्दच वापरावे लागतात. मात्र वस्तूच्या नावापेक्षा तिचा पदार्थ आणि क्रिया यांवरून शोधलेले बरे. ‘चाळीचा जिना’ तिथे मिळणार नाही, पण ‘वुड’, ‘क्रीक’, ‘फूटस्टेप’, ‘स्लो’ या शब्दांच्या जोड्या करून पाहिल्या की जगातल्या कुठल्यातरी जुन्या घरातला नेमका तसाच जिना सापडतो. कंदिलाच्या मुठीसाठी बादलीच्या कडीचा आवाज चालतो, कारण कानाला तार आणि पत्रा एवढेच ओळखू येते.

प्रत्येक फाइलला तिचा परवाना जोडलेला असतो आणि तो वाचल्याशिवाय फाइल उतरवू नये. क्रिएटिव्ह कॉमन्स या तयार, खुल्या परवान्यांचे तीन प्रकार फ्रीसाउंडवर प्रामुख्याने दिसतात. ‘सीसी झिरो’ असेल तर कर्त्याने सर्व हक्क सोडलेले असतात. श्रेय देण्याचे बंधन नाही, तरी ते द्यावे असे माझे मत आहे. ‘सीसी बाय’ असेल तर कर्त्याचे नाव, ध्वनीचे शीर्षक, दुवा आणि परवान्याचे नाव द्यावे लागते आणि आपण फाइलमध्ये बदल केला असल्यास तेही नोंदवावे लागते. नावात ‘एनसी’ असेल तर व्यावसायिक वापर वर्ज्य आहे. मोफत वाटलेल्या पण जाहिराती दाखवणाऱ्या गेमलाही व्यावसायिकच समजावे आणि ‘एनसी’च्या फायली शोधतानाच गाळणीतून वगळाव्यात, म्हणजे मागाहून शोधाशोध करावी लागत नाही.

फ्रीसाउंडखेरीज तीन ठिकाणे लक्षात ठेवावीत. केनी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहात बटणे, पावले आणि आघात यांचे संच सीसी झिरो परवान्याखाली मिळतात आणि पहिल्या गेमसाठी ते अतिशय सोयीचे आहेत. ओपनगेमआर्ट या संकेतस्थळावर ध्वनीही आहेत, मात्र तिथे परवाने अनेक प्रकारचे असतात आणि ‘शेअर अलाइक’ची (बदललेली निर्मितीही त्याच परवान्याखाली देण्याची) अट असलेली फाइल घेण्यापूर्वी ती अट नीट समजून घ्यावी. सॉनिस ही कंपनी गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्सच्या निमित्ताने व्यावसायिक ध्वनिमुद्रकांच्या फायलींचा मोठा गठ्ठा मोफत देत आली आहे. तो व्यावसायिक गेममध्ये वापरता येतो आणि त्याचा दर्जा फार चांगला असतो, फक्त तो अनेक गिगाबाइटचा असल्याने चांगल्या वायफायवर उतरवावा. बीबीसीचा ध्वनिसंग्रह मात्र जपून हाताळावा: तो ऐकायला खुला आहे, पण त्याचा मोफत परवाना वैयक्तिक, शैक्षणिक आणि संशोधनाच्या कामापुरताच आहे आणि विकायच्या गेमसाठी वेगळा परवाना विकत घ्यावा लागतो.

एखाद्या व्यक्तीने दुसऱ्याचा आवाज स्वतःचा म्हणून चढवलेला असण्याची शक्यता नेहमी असते. फाइलच्या वर्णनात मायक्रोफोन, जागा आणि पद्धत लिहिलेली असेल आणि त्या व्यक्तीच्या इतर फायलीही त्याच जातीच्या असतील, तर विश्वास ठेवायला हरकत नाही. एकाच खात्यावर लेझर बंदूक, प्रसिद्ध चित्रपटातला वाटावा असा संवाद आणि वाघाची डरकाळी एकत्र दिसली, तर पुढे जावे. व्हिडिओंमधून आवाज काढून घेणे पूर्णपणे टाळावे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाला स्वतंत्र संरक्षण आहे आणि ते प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकते.

फाइल उतरवल्याबरोबर यादीच्या स्प्रेडशीटमध्ये मूळ नाव, कर्ता, दुवा, परवाना आणि तारीख लिहावी आणि परवान्याच्या पानाचा स्क्रीनशॉट त्याच फोल्डरमध्ये ठेवावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण प्रकाशनाच्या आदल्या रात्री शेकडो फायलींचे मूळ शोधत बसण्यापेक्षा ते कितीतरी हलके आहे.

मेन्यूची बटणे, नाणी, उड्या असे आवाज संग्रहात शोधण्याचीही गरज नसते. टोमास पेटरसन यांनी २००७ मध्ये तयार केलेल्या ‘एसएफएक्सआर’ या छोट्या प्रोग्रॅमच्या अनेक आवृत्त्या आज ब्राउझरमध्ये चालतात आणि एक बटण दाबले की नवा आवाज बनवून देतात. जुन्या व्हिडिओ गेमच्या धाटणीला ते शोभतात. आपल्या चाळीच्या गेमला शोभणार नाहीत.

मुंबईत स्वतः रेकॉर्ड करताना

तयार संग्रहात न सापडणारे आणि गेमला स्वतःचा चेहरा देणारे आवाज स्वतःच घ्यावे लागतात. त्यासाठी फार खर्च लागत नाही. हातातला फोन सुरुवातीला पुरतो, मात्र वेव्ह (आवाज न दाबता साठवणाऱ्या) स्वरूपात रेकॉर्ड करणारे ॲप घ्यावे आणि आवाजाची पातळी आपोआप बदलण्याची आणि गोंगाट कमी करण्याची सोय बंद करावी, कारण या सोयी बोलण्यासाठी केलेल्या असतात आणि कडी पडल्याचा तीक्ष्ण आघात त्या दाबून टाकतात. पुढे झूम किंवा टास्कॅम या कंपन्यांचा हातात मावणारा छोटा रेकॉर्डर घेता येतो. ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर अशी उपकरणे प्रत्यक्ष हाताळून, भाव विचारून घेता येतात. तरीही माझा सल्ला असा की पहिले पैसे मायक्रोफोनवर न घालता कान झाकणाऱ्या, तारेच्या, बऱ्या हेडफोनवर घालावेत. ब्लूटूथच्या हेडफोनमध्ये आवाज उशिरा पोहोचतो आणि वेळ जुळवण्याचे काम त्यावर करता येत नाही.

या शहरात शांतता मिळत नाही, ती निवडून घ्यावी लागते. मध्यरात्रीनंतर लोकल बंद असतात ते तीन तास नाजूक आवाजांसाठी राखावेत: कागदाची घडी, कंदिलाची मूठ, बांगड्यांची किणकिण. ठोकण्याचे, पडण्याचे आवाज अर्थातच दिवसा, शेजाऱ्यांना सांगून घ्यावेत. ते मोठे असल्याने रस्त्याचा गोंगाट त्यांच्यामागे फारसा जाणवत नाही. पंखा आणि फ्रिज बंद करावेत, खिडक्या लावाव्यात आणि कपड्यांनी भरलेले कपाट उघडून त्याच्यासमोर बसावे. अंगावर गोधडी घेतली तर उत्तमच, कारण मुंबईच्या खोल्यांत फरशी आणि उघड्या भिंतींमुळे प्रतिध्वनी फार असतो आणि तो नंतर काढणे गोंगाट काढण्याहून अवघड जाते. मायक्रोफोन वस्तूपासून वीतभर अंतरावर ठेवावा आणि सर्वांत मोठा आघात उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील अशी पातळी लावावी (डिजिटल ध्वनीत शून्य ही कमाल मर्यादा असते). आवाज शून्याला टेकून फाटला, तर तो नंतर पुरता दुरुस्त होत नाही. प्रत्येक बैठकीत अर्धा मिनिट काहीही न हलवता खोलीची शांतताही रेकॉर्ड करावी, ती संपादनात लागते.

चाळीच्या लाकडी जिन्याचा आवाज प्रत्यक्ष जिन्यावर घेतला तर बहुधा निराशा होते, कारण पाय मायक्रोफोनपासून दूर जातात आणि खालच्या मजल्यावरचा टीव्हीही त्यात येतो. त्यापेक्षा घरातला जेवायचा पाट जमिनीवर ठेवून त्यावर आधी टाच, मग चवडा असा भार द्यावा. पाटाखालच्या पोकळीमुळे जिन्याच्या फळीसारखा भरीव आवाज मिळतो, आणि पाट किंचित डुगडुगणारा असेल तर करकरही फुकट मिळते. ताडपत्रीवरच्या एकेका थेंबासाठी ताणलेल्या प्लास्टिकवर कोरडे तांदूळ टाकून पाहावेत. चित्रपटसृष्टीत या कामाला फोली म्हणतात आणि त्यातला नियम साधा आहे: वस्तू खरी असण्यापेक्षा तिचा आवाज खरा वाटणे महत्त्वाचे.

कडीकडे मात्र खास लक्ष द्यावे, कारण आपल्या गेममध्ये प्रत्येक शेजारी कडी काढूनच भेटणार आहे. जुन्या दाराची लोखंडी कडी कोयंड्यातून काढताना आधी लोखंड लोखंडावर घासल्याचा खरखरीत आवाज येतो, मग कडी सुटून दाराच्या लाकडावर आदळते, आणि आदळल्यावर ती दोनतीनदा लहान लहान झोके घेत लाकडाला टिचकते. ही शेवटची टिचकी ऐकली की ऐकणाऱ्याला ते दार ओळखीचे वाटते. म्हणून कडी हळू, झटक्याने, चिडून, घाबरून अशा वेगवेगळ्या रीतींनी काढून प्रत्येकीची अनेक रेकॉर्डिंग घ्यावीत आणि दोन रेकॉर्डिंगच्या मध्ये दोन सेकंद थांबावे, म्हणजे झोक्यांचे शेपूट कापले जात नाही.

पावसासाठी जून ते सप्टेंबर हा काळ आपल्याला आयता मिळतो. मात्र दूरवरचा संततधार पाऊस रेकॉर्डिंगमध्ये नुसत्या ‘शूं’ अशा सपाट आवाजासारखा ऐकू येतो आणि तो पाऊस आहे हे ओळखूही येत नाही. पाऊस ज्यावर पडतो ती वस्तू ऐकू आली पाहिजे. पावसाळ्याआधी छपरांवर चढणारी निळी ताडपत्री, पन्हाळीतून खाली पडणारी धार, खिडकीवरचा पत्रा, भरत आलेली बादली, हे सगळे वेगवेगळे आणि जवळून घ्यावे; मायक्रोफोन अर्थातच आडोशाला, आणि समुद्रावरून वारा येत असेल तर त्यावर फरचे आवरण चढवून.

बाहेरचे वातावरण रेकॉर्ड करताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. कुठेतरी दूर लाउडस्पीकरवर गाणे वाजत असेल किंवा कुणाच्या फोनची रिंगटोन वाजली, तर ते रेकॉर्डिंग गेमसाठी निकामी समजावे, कारण त्या गाण्याचे हक्क आपल्याकडे नाहीत. गणपतीच्या दिवसांत तर वातावरणाचे रेकॉर्डिंग करूच नये. दुसरे म्हणजे ओळखू येईल असे कुणाचे बोलणे त्या व्यक्तीच्या परवानगीविना वापरू नये. रेल्वेच्या आवारात व्यावसायिक कामासाठी चित्रण वा ध्वनिमुद्रण करायचे असेल, तर आधी रेल्वेकडे परवानगीची चौकशी करावी.

काटछाट

संपादनासाठी ऑडॅसिटी हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर पुरेसे आहे. अनेक थरांचे काम वाढले की रीपर घ्यावे, ते ६० दिवस वापरून पाहता येते. मूळ रेकॉर्डिंगला हात न लावता त्याची प्रत घेऊन काम करावे आणि फायलींची नावे रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता, ठराविक क्रमाने द्यावीत: आधी वस्तू, मग क्रिया, मग क्रमांक.

पहिले काम म्हणजे आवाजाच्या सुरुवातीची रिकामी जागा काढणे. सेकंदाला ६० चौकटी (फ्रेम) दाखवणाऱ्या गेममध्ये एक चौकट सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते. फाइलच्या सुरुवातीला ५० मिलिसेकंद शांतता राहिली, तर आवाज तीन चौकटी उशिरा येतो आणि गेम जड, चिकट वाटू लागतो. खेळाडूला कारण सांगता येत नाही, पण बोटाला ते कळते. म्हणून तरंगाचे चित्र पुरेसे मोठे करून पहिल्या आघाताच्या अगदी काठावर कापावे. कापताना तरंग शून्य रेषा ओलांडतो तिथेच काप द्यावा, नाहीतर ‘टिक्’ असा खटका ऐकू येतो. ऑडॅसिटीत भाग निवडून झेड ही कळ दाबली की निवडीच्या कडा अशा जागेवर सरकतात. त्यानंतर सुरुवातीला दोनतीन मिलिसेकंदांचा आणि शेवटी गरजेप्रमाणे लांब फेड (आवाजाचा हळूहळू चढ किंवा उतार) द्यावा.

कडीच्या बाबतीत इथे एक निर्णय घ्यावा लागतो. सुरुवातीची खरखर लांबली, तर बटण दाबल्यावर दार उघडेपर्यंत काही घडतच नाही असे वाटते. ती पूर्ण काढली तर कडी कडी राहत नाही. मी खरखरीचा शेवटचा, आघाताला लागून असलेला तुकडा ठेवून बाकीचा काढेन आणि लांब खरखर फक्त म्हाताऱ्या शेजाऱ्याच्या दारासाठी राखून ठेवेन, जिथे वाट पाहायला लावणे हाच कथेचा भाग आहे.

गोंगाट काढताना आधी हाय-पास फिल्टर लावावा. ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा भाग काढला की रस्त्याची घरघर आणि दूरच्या लोकलची धडधड बरीचशी जाते आणि कडी, कागद, बांगड्या यांचे काहीच बिघडत नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने तारेतून शिरलेली गुणगुण ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर सापडते. तिथे नॉच फिल्टर (नेमका तेवढाच सूर कापणारा) लावावा. उरलेल्या फुसफुशीसाठी आपण घेतलेल्या खोलीच्या शांततेचा तुकडा निवडून त्याचा नमुना सॉफ्टवेअरला द्यावा आणि मग गोंगाट घटवावा, पण हलक्या हाताने. जास्त घटवले की आवाजाला पाण्याखालून आल्यासारखी बुडबुडणारी कड लागते आणि ती मूळ फुसफुशीपेक्षा जास्त खटकते. गेममध्ये या आवाजामागे पाऊस असणारच आहे आणि थोडी फुसफुस तो झाकून टाकेल.

थर आणि रूपे

एका रेकॉर्डिंगमध्ये क्वचितच सगळे मिळते. निरोप पोहोचल्याची खूण घ्या: शेजारीण चिठ्ठी हातात घेते तेव्हा कागदाची सळसळ, तिच्या बांगड्यांचा एक ठोका आणि त्यामागे अगदी मंद घंटेसारखा सूर, असे तीन थर एकावर एक ठेवले की खूण समाधान देते आणि जगाशी जुळतेही. थर लावताना प्रत्येकाची तीव्र सुरुवात वेगळ्या वेळी ठेवावी किंवा एकच तीव्र ठेवून बाकीच्यांची सुरुवात फेडने मऊ करावी. तिन्ही एकदम आदळले की गिचमिड होते. वेग निम्मा केला तर सूर एक सप्तक खाली उतरतो, आणि पाटावरची थाप तशी उतरवून मूळ थापेखाली ठेवली की दारावरची थाप भारी होते.

फोनचे छोटे स्पीकर साधारण २०० हर्ट्झच्या खालचे जवळजवळ काहीच वाजवू शकत नाहीत. दाराच्या थापेचा सगळा जोर तिथेच असेल तर फोनवर ती नाहीशी होते, म्हणून तिच्यात ३०० ते ८०० हर्ट्झच्या पट्ट्यात लाकडाची एक ठळक टक असू द्यावी. उलट दोन ते पाच हजार हर्ट्झच्या भागात आपला कान फार तल्लख असतो; महत्त्वाची खूण तिथे ठेवावी, पण वारंवार वाजणाऱ्या आवाजात तोच भाग थोडा उतरवावा.

पुनरावृत्तीवरचा खरा इलाज म्हणजे रूपे. जिन्यावरच्या पावलांसाठी किमान सहा वेगवेगळी पावले कापावीत. एकाच पावलाचा सूर बदलून केलेल्या सहा प्रती इथे चालत नाहीत. मग गेम इंजिनला (ज्यात गेम बांधतो त्या सॉफ्टवेअरला) ती यादृच्छिक क्रमाने, पण लागोपाठ तेच न येता वाजवायला सांगावे आणि प्रत्येक वेळी सूर पाचेक टक्के आणि पातळी एकदोन डेसिबल वर-खाली होऊ द्यावी. गोडो ४ या इंजिनमध्ये यासाठी ऑडिओस्ट्रीमरँडमायझर आहे आणि त्यात पुनरावृत्ती टाळण्याचा पर्यायही आहे. युनिटी या दुसऱ्या इंजिनमध्ये दोनचार ओळींचा कोड लिहून तेच साधते. करकर मात्र प्रत्येक पावलात मिसळू नये. ती वेगळी फाइल ठेवावी आणि दहाबारा पावलांतून एखाद्या वेळी वाजवावी. ओळखू येणारा आवाज वारंवार आला की कान लगेच पकडतो, सामान्य आवाज आला की सोडून देतो.

पावसाच्या लूपलाही (अखंड फिरत राहणाऱ्या फाइललाही) हेच लागू आहे. रेकॉर्डिंगमधून कावळा, हॉर्न, कुकरची शिटी असे वेगळे उठून दिसणारे सगळे काढून टाकावे. मग फाइल मधोमध कापून दोन्ही तुकड्यांची अदलाबदल करावी आणि मध्ये आलेल्या जुन्या टोकांचा क्रॉसफेड करावा, म्हणजे एक विरत असताना दुसरे चढू द्यावे; आता फाइलची दोन बाहेरची टोके मुळात सलगच असल्याने लूप सांधा न जाणवता फिरतो. ताडपत्रीचा लूप ३७ सेकंदांचा आणि पन्हाळीचा ५३ सेकंदांचा ठेवला, तर दोन्हींची तीच जुळणी १,९६१ सेकंदांनी, म्हणजे साडेबत्तीस मिनिटांहून अधिक वेळाने, पुन्हा येते. बादलीतले थेंब लूपमध्ये न घालता इंजिनकडून अनियमित अंतराने वाजवावेत.

गेममध्ये बसवताना

सगळ्या फायली शून्य डेसिबलपर्यंत चढवण्याचा मोह टाळावा. कागदाची सळसळ दारावरच्या थापेइतकी मोठी झाली तर जगाचे प्रमाणच हरवते. एक आवाज, आपल्या बाबतीत पाऊल, आधार मानून बाकीचे त्याच्याशी तोलावेत. इंजिनमध्ये संगीत, वातावरण, घटना आणि मेन्यू यांचे वेगळे बस (एकत्र पातळी बदलता येणारे मार्ग) करावेत आणि खेळाडूला त्यांच्या पातळ्या बदलू द्याव्यात. एकच फाइल एकाच चौकटीत दोनदा वाजली तर पातळी ६ डेसिबलने वाढते; म्हणून एका वेळी वाजणाऱ्या प्रतींवर मर्यादा घालावी. पूर्ण गेमची सरासरी मोजायची असेल, तर सोनीच्या ध्वनिगटाच्या शिफारशी संदर्भाला घेता येतात: घरातल्या कन्सोलसाठी उणे २४ एलयूएफएस (कानाला जाणवणारी सरासरी पातळी मोजण्याचे एकक) आणि हातातल्या उपकरणांसाठी उणे १८.

पडद्यावरच्या जागेवरून येणारे आवाज मोनो (एकाच वाहिनीचे) ठेवावेत, म्हणजे इंजिनला ते डावीउजवीकडे नीट सरकवता येतात. छोट्या आवाजांसाठी वेव्ह आणि लांब लूप व संगीतासाठी ऑग व्हॉर्बिस (आवाज दाबून कमी जागेत साठवणारे स्वरूप) ही विभागणी सोयीची आहे. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटची मोनो वेव्ह मिनिटाला सुमारे ५.३ मेगाबाइट जागा घेते, स्टीरिओ तिच्या दुप्पट. लूपसाठी एमपीथ्री टाळावी, कारण ती तयार होताना टोकांना शांततेची पट्टी जोडली जाते आणि सांध्यावर खंड पडतो.

चाचणी तीन ठिकाणी करावी: शांत खोलीत हेडफोनवर, स्वस्तातल्या फोनच्या स्पीकरवर, आणि साधे इअरफोन घालून गर्दीच्या लोकलमध्ये. लोकलमध्ये पावसाचा बारकावा हरवला तर हरवू द्यावा; थाप आणि निरोपाची खूण तरी ऐकू येते का, एवढेच पाहावे. पुष्कळजण प्रवासात आवाज बंद ठेवूनच खेळतात आणि काहींना ऐकू येत नाही, म्हणून जो आवाज माहिती देतो, त्याच्या जोडीला पडद्यावरही खूण हवी: थाप पडली की दार किंचित हलावे, कडी निघाली की फटीतून कंदिलाचा उजेड पडावा.

ज्याला गेम अजिबात ठाऊक नाही अशा एका व्यक्तीला अर्धा तास खेळायला द्यावे आणि आपण पडद्याकडे न पाहता तिचा हात व्हॉल्यूमच्या बटणाकडे केव्हा जातो ते पाहावे. ज्या क्षणी तो गेला, त्या क्षणी वाजत असलेली फाइल यादीत खूण करून पुन्हा संपादनाला घ्यावी. शेवटी त्याच स्प्रेडशीटमधून श्रेयनामावली तयार करून गेमच्या आतच एका पानावर द्यावी, आणि न कापलेली मूळ रेकॉर्डिंग दोन वेगवेगळ्या ठिकाणी जपून ठेवावीत, कारण पुढच्या आवृत्तीत चौथा मजला चढवायचा झाला तर पावले त्यांतूनच कापावी लागतील.